दिवा पुन्हा का लागतो?

मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा एक छोटा पिवळा दिवा असतो. किल्ली फिरवली की तो लागतो आणि इंजिन सुरू झाले की विझतो. धावत्या गाडीत तो लागून राहिला, तर मालक गाडी गॅरेजमध्ये नेतो. मिस्त्री स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडतो. पडद्यावर ‘पी०१७१’ असे काहीतरी उमटते. एखादा सेन्सर बदलला जातो, दिवा विझतो, बिल होते. चार दिवसांनी पुन्हा तोच दिवा आणि तोच कोड. गाडी दहा-बारा वर्षांची असेल, तर हा फेरा दोन-तीनदा होतो. मग मालकाचा मिस्त्रीवरचा विश्वास उडतो आणि मिस्त्रीचा स्कॅनरवरचा.

यंत्राने आपला दोष स्वतःच सांगितला, सांगितलेला भाग बदलला, तरीही दोष का गेला नाही? या प्रश्नाचे उत्तर हवे असेल, तर हे कोड कोणी व कशासाठी तयार केले ते पाहावे लागते. ही हकिगत एका शहरावर पसरलेल्या धुरापासून सुरू होते. पण त्याआधी, कोड नव्हते तेव्हा काय होत असे?

कानाने ऐकण्याचा काळ

भुसावळ-नागपूर लोहमार्गावर मलकापूर, नांदुरा, शेगाव ही बुलढाणा जिल्ह्यातली स्थानके आहेत. वाफेच्या इंजिनांच्या काळात मोठ्या स्थानकांवर गाडी थांबली, की लांब दांड्याचा हातोडा घेतलेला एक माणूस डब्यांच्या चाकांवर ठोके देत जाई. अखंड चाक घंटेसारखे वाजे, तडा गेलेले चाक बद्द आवाज करी. भांड्यांच्या दुकानात मडके टिचकी मारून घेतात, त्यातलाच हा प्रकार.

मोटारीचे निदानही तसेच होई. मुंबईत कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमिअर पद्मिनीत कार्बोरेटर होता, वितरक होता, प्लग होते, संगणक नव्हता. मिस्त्री स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आवाज ऐके. प्लग काढून त्याचा रंग पाही. काळा काजळलेला प्लग म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा पडलेला म्हणजे कमी. एकेका प्लगची वायर काढून पाही. जी काढल्यावर इंजिनाच्या चालीत फरक पडत नाही, ते सिलिंडर आधीच काम करत नव्हते असे ठरे.

या पद्धतीत ज्ञान मिस्त्रीच्या हातात व कानात होते. ते शिकायला वर्षे लागत. पण एक गोष्ट तिच्यात पक्की होती. आवाज ही खूण आहे, दोष वेगळा आहे, हे मिस्त्री जाणून असे. खुणेपासून दोषापर्यंतची वाट त्याला स्वतः चालावी लागे.

लॉस एंजेलिसचा धूर

२६ जुलै १९४३ रोजी अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरावर दाट धुरके पसरले. लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसा खवखवू लागला. दुसरे महायुद्ध चालू होते, त्यामुळे जपानने विषारी वायू सोडला की काय, अशी शंकाही अनेकांना आली. मग संशय शहरातल्या एका कारखान्यावर गेला. तिथे कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन तयार होत असे. कारखाना काही काळ बंद केला गेला. धुरके मात्र येतच राहिले.

‘भाग बदलला, दिवा पुन्हा लागला’ याचेच हे शहराएवढे मोठे उदाहरण आहे. पहिला संशयित सापडला, त्याला दूर केले, पण कारण तिथे नव्हते.

खरे कारण शोधणारा माणूस मोटारींशी संबंधित नव्हता. आरी हागेन-स्मिट हे मूळचे हॉलंडचे रसायनशास्त्रज्ञ, कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अननसाच्या स्वादाचे रसायन अभ्यासत होते. अननसाचा वास गोळा करण्याची तंत्रे त्यांनी शहराच्या हवेला लावली. १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी दाखवून दिले, की मोटारींतून व तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाश पडला की ओझोन तयार होतो. डोळे झोंबवणारे धुरके हे या प्रक्रियेचे फळ होते. म्हणजे धुराड्यातून वा सायलेन्सरमधून जे बाहेर पडे त्यात ओझोन नव्हताच. तो वाटेत, उन्हात तयार होई. कारण एकीकडे आणि परिणाम दुसरीकडे, म्हणून शोध इतका अवघड गेला.

ओझोन मोजायला त्यांनी वापरलेले साधनही शिक्षकांना आवडेल असे आहे. वाकवून ताणलेल्या रबराच्या पट्टीला ओझोनमुळे तडे जातात. किती मिनिटांत तडे गेले, यावरून हवेत ओझोन किती आहे याचा अंदाज येई.

मोटार उत्पादकांनी हा निष्कर्ष सहजासहजी मान्य केला नाही. तरी १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन केले आणि हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९७० च्या अमेरिकी केंद्रीय कायद्याने मोटारींतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन १९७५ पर्यंत नव्वद टक्क्यांनी कमी करण्याचे बंधन घातले.

रसायनासाठी संगणक

हे बंधन पाळण्यासाठी १९७५ च्या गाड्यांत सायलेन्सरच्या आधी उत्प्रेरकाचे डबे (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) बसू लागले. आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे धातू असतात. शिशामुळे हे धातू निकामी होतात, म्हणून पेट्रोलमधून शिसे काढावे लागले. पुढच्या पिढीचा उत्प्रेरक तीन कामे एकदम करतो. तो कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन जाळतो आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांतला ऑक्सिजन काढून घेतो. एकात ऑक्सिजन द्यायचा, दुसऱ्यात काढायचा! हे दोन्ही साधायचे तर हवा व पेट्रोल यांचे प्रमाण अगदी नेमके लागते.

हे प्रमाण दहावी-बारावीच्या वर्गात काढता येते. ऑक्टेनचे दोन रेणू पूर्ण जळायला ऑक्सिजनचे पंचवीस रेणू लागतात. म्हणजे २२८ ग्रॅम ऑक्टेनला ८०० ग्रॅम ऑक्सिजन. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन धरला, तर हवा जवळपास ३४५० ग्रॅम लागेल. प्रमाण आले १५.१ ला १. प्रत्यक्ष पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असल्यामुळे त्याचे प्रमाण १४.७ ला १ मानतात.

कार्बोरेटरला हे प्रमाण सतत राखणे जमत नाही. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटरवर आहे आणि पूर्णेच्या खोऱ्यातले मलकापूर सुमारे अडीचशे मीटरवर. वर आल्यावर हवेचा दाब साधारण साडेचार टक्क्यांनी उतरतो. मलकापुरात जुळवलेला कार्बोरेटर घाट चढून आल्यावर हवेच्या मानाने थोडे जास्तच पेट्रोल सोडणार. जुन्या गाडीला ते चालून जाई, उत्प्रेरकाला चालत नाही.

यावर उपाय म्हणून १९७६ च्या सुमारास व्होल्व्हो गाड्यांत बॉशने तयार केलेला ऑक्सिजन सेन्सर आला. झिर्कोनियाच्या या टोपणाच्या एका बाजूला जळका वायू असतो व दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. तापलेल्या झिर्कोनियातून ऑक्सिजनचे आयन जाऊ शकतात. दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये जितका फरक, तितके विद्युतदाब. वायूत ऑक्सिजन उरला नसेल तर सुमारे ०.९ व्होल्ट, उरला असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट. रसायनाच्या पुस्तकातला नेर्न्स्टचा विद्युतघट तो हाच. हा संकेत वाचून सेकंदाला अनेकदा पेट्रोल कमी-जास्त करायला काहीतरी हवे होते. ते काम करण्यासाठी गाडीत संगणक आला.

लुकलुकणारे अंक

संगणक सेन्सरकडे सतत पाहतच होता. एखाद्या सेन्सरचा संकेत अशक्य वाटला तर ते लक्षात ठेव आणि दिवा लाव, एवढेच काम त्याच्यावर आणखी सोपवले गेले. १९८१ पासून जनरल मोटर्सच्या अमेरिकी गाड्यांत ही सोय सरसकट आली. स्कॅनर नसला तरी चाले. ठराविक दोन पिना तारेने जोडल्या की डॅशबोर्डवरचा दिवाच उघडझाप करून अंक सांगे. एक उघडझाप, थोडा विराम, मग दोन उघडझापा म्हणजे १२. इंजिन बंद असताना १२ येणे हे यंत्रणा नीट असल्याचे लक्षण होते. १३ म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या मंडलात गडबड, ४४ म्हणजे जळक्या वायूत ऑक्सिजन फार.

प्रत्येक कंपनीचे अंक व सॉकेट निराळे होते. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या गाड्यांपासून अशी स्वनिदान यंत्रणा सक्तीची केली. पण तिची नजर मोजक्या भागांवरच होती. दुसरी व्यापक आवृत्ती १९९४ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या मोटारींना लागू झाली. ‘ओबीडी-२’ म्हणतात ती हीच. सॉकेट एकच, भाषा एकच.

या भाषेचे व्याकरण सोपे आहे. पहिले अक्षर ‘पी’ असेल तर इंजिन व गिअर, ‘सी’ असेल तर ब्रेक-सस्पेन्शन वगैरे, ‘बी’ म्हणजे बॉडी आणि ‘यू’ म्हणजे संगणकांचे आपसातले संभाषण. त्यापुढचा अंक साधारणपणे शून्य असेल तर कोड सर्व कंपन्यांना समान, एक असेल तर त्या कंपनीचा खास. तिसऱ्या जागी १ किंवा २ असेल तर हवा व इंधन, ३ असेल तर ठिणगी, ४ असेल तर धूरनियंत्रण आणि ७, ८ असेल तर गिअर.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवू या. ही यंत्रणा मिस्त्रीची सोय म्हणून जन्मली नाही. धूर प्रमाणाबाहेर जाऊ नये म्हणून ती कायद्याने आणली. एखाद्या बिघाडामुळे प्रदूषण मर्यादेच्या साधारण दीडपट होण्याचा संभव असेल, तर दिवा लागावा, असा अमेरिकेतल्या मूळ नियमाचा मथितार्थ होता. म्हणून कोड ‘अमुक मोजमाप मर्यादेबाहेर गेले’ एवढेच सांगतो. ते का गेले, हे सांगण्याचे काम त्याला दिलेलेच नाही.

आपल्याकडे केव्हा?

भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक व शिसेरहित पेट्रोल आले. २००० साली युरोपच्या पहिल्या टप्प्याएवढे निकष देशभर लागू झाले आणि कार्बोरेटर मागे पडू लागले. भारत स्टेज-४ हे निकष १ एप्रिल २०१० रोजी फक्त तेरा शहरी विभागांत आले. महाराष्ट्रातली मुंबई, पुणे व सोलापूर ही तीन शहरे त्यांत होती. बुलढाणा अर्थातच नव्हते. या निकषांबरोबर स्वनिदान यंत्रणेचा पहिला टप्पा आला आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा. संपूर्ण देशाला भारत स्टेज-४ लागू व्हायला १ एप्रिल २०१७ उजाडले, आणि १ एप्रिल २०२० पासून स्टेज-६ आले. असे निकष पाळले जातात की नाही, हे नवे मॉडेल बाजारात येण्याआधी तपासणाऱ्या संस्थांपैकी एक पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था आहे.

याचा परिणाम असा, की चिखली, मेहकर किंवा खामगावच्या गॅरेजमध्ये आज तीन पिढ्यांच्या गाड्या येऊ शकतात. काहींत कोड नाहीतच, काहींत कंपनीचे स्वतःचे कोड आहेत आणि काहींत पूर्ण यंत्रणा आहे. एकाच मिस्त्रीने कानाचेही ऐकायचे आणि स्कॅनरचेही.

पी०१७१: एका कोडची चौकशी

आता सुरुवातीच्या कोडकडे येऊ. पी०१७१ चा अर्थ ‘मिश्रणात पेट्रोल कमी पडते’. ऑक्सिजन सेन्सर सतत ‘ऑक्सिजन उरला’ असे सांगतो, म्हणून संगणक पेट्रोल वाढवत जातो. वाढवण्याची मर्यादा संपली की दिवा लागतो. बातमी ऑक्सिजन सेन्सरने दिली, म्हणून बरेचदा तोच बदलला जातो. निरोप कटू म्हणून निरोप्यालाच शिक्षा!

खरी कारणे अनेक असू शकतात. हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढे रबरी नळीला तडा गेला असेल आणि न मोजलेली हवा आत शिरत असेल. पेट्रोलचा पंप वा फिल्टर कमजोर झाला असेल. हवा मोजणाऱ्या तारेवर धूळ बसल्यामुळे ती हवा कमी दाखवत असेल. यांतले कोणते, हे ठरवायला भाग बदलावे लागत नाहीत. स्कॅनरवर ‘फ्युएल ट्रिम’ नावाचा आकडा असतो. संगणकाने पेट्रोल किती टक्के वाढवले, ते तो सांगतो.

समजा, तड्यातून सेकंदाला १ ग्रॅम हवा शिरते. गाडी उभी असून इंजिन संथ चालू असताना सेन्सरने मोजलेली हवा ४ ग्रॅम आहे. प्रत्यक्षात आत गेली ५ ग्रॅम. म्हणजे पेट्रोल २५ टक्के वाढवावे लागेल. आता अ‍ॅक्सिलरेटर दाबून मोजलेली हवा २० ग्रॅम केली. तड्यातून तेवढीच १ ग्रॅम शिरते असे धरू. प्रत्यक्षात तड्याच्या दोन बाजूंच्या दाबांतला फरक बदलल्याने ती आणखी कमीही होईल. आता वाढ हवी ५ टक्केच. आकडा २५ वरून ५ वर आला, तर हवेची गळती. उलट संथ चालीत आकडा ठीक आणि जोर दिला की वाढला, तर पेट्रोल पुरत नाही असा संशय घ्यावा. पंपाची खरी परीक्षा मागणी वाढल्यावरच होते. दोन स्थितींत दोन आकडे घेतले, की संशयितांची यादी लगेच छोटी होते.

सर्वच गाड्या हवा वजनाने मोजत नाहीत. अनेक छोट्या गाड्यांत इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजून तिचे वजन काढतात. त्यांत गळतीची हवाही दाबात धरली जाते, त्यामुळे पेट्रोल बरोबर मिळते. फक्त इंजिनाची संथ चाल वाढते. भोक तेच, पण एका गाडीत कोड येईल आणि दुसरीत येणार नाही. कोड दोषाचे नाव सांगत असता, तर असे झाले नसते.

जुन्या गाडीत अशा तक्रारी वाढण्याचे कारणही यातून कळते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या उन्हाळ्यात आधीच पारा चाळिशीच्या पुढे जातो; बॉनेटखालची उष्णता त्याहून कितीतरी जास्त. वर्षानुवर्षे तापून रबर कडक होते, तडकते. त्यात पेट्रोलही बदलले. २०२५ पर्यंत वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशभर मिळू लागले. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला असे इंधन काही टक्के जास्त द्यावे लागते. निरोगी गाडीचा संगणक हे निभावून नेतो. पण जिची वाढवण्याची मर्यादा गळतीने आधीच जवळ आली आहे, तिचा दिवा लागू शकतो. दोन छोटी कारणे मिळून एक कोड तयार होतो. एकेकटे पाहिले तर कोणीच दोषी दिसत नाही.

राजूर घाटातला कोड

पी०३०० ते पी०३०४ हे चार सिलिंडरच्या गाडीतले ‘मिसिंग’चे कोड. संगणकाला मिसिंग कसे कळते? इंजिनाच्या मुख्य दांड्यावर दातेरी चाक असते. पुष्कळ गाड्यांत साठ दात्यांची जागा असून खुणेसाठी दोन दाते गाळलेले असतात. प्रत्येक स्फोटाला दांडा किंचित वेग घेतो. एखादा स्फोट झाला नाही, तर पुढचे दाते सेन्सरसमोरून जायला क्षणभर उशीर होतो. हा उशीर मोजला जातो. मिस्त्रीचा कान जे ऐकत असे, ते संगणक दाते मोजून ऐकतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर चाकांचे हिसके दांड्यापर्यंत पोचतात आणि ते मिसिंगसारखे दिसू शकतात, म्हणून संगणकाला खराब रस्ताही ओळखावा लागतो!

मलकापूरहून मोताळामार्गे बुलढाण्याला येताना राजूर घाट लागतो. सपाटीवर उत्तम चालणारी एखादी जुनी गाडी घाटात मिसिंग करते. वर आल्यावर गॅरेजात उभी केली तर सगळे ठीक. कारण असे, की चढावर सिलिंडरमध्ये हवा जास्त भरते, दाब वाढतो आणि दाटलेल्या वायूतून ठिणगी पडायला जास्त विद्युतदाब लागतो. झिजलेला प्लग किंवा कमजोर कॉइल नेमकी तिथे उघडी पडते. संगणक कोडबरोबर त्या क्षणाचे आकडेही साठवतो: वेग, इंजिनावरचा भार, पाण्याचे तापमान. स्कॅनरवर याला ‘फ्रीझ फ्रेम’ म्हणतात. दोष घाटात दिसतो हे त्यावरून कळते. मग परीक्षाही घाटातच घ्यायला हवी.

एका मिसिंगमधून कोडची मालिका कशी तयार होते, तेही पाहण्यासारखे आहे. ठिणगी पडली नाही की त्या सिलिंडरमधला ऑक्सिजन न वापरता बाहेर पडतो. ऑक्सिजन सेन्सर प्रामाणिकपणे ‘ऑक्सिजन फार’ म्हणतो. संगणक पेट्रोल वाढवतो. न जळलेले पेट्रोल उत्प्रेरकात जाऊन जळते, तो अती तापतो आणि कालांतराने निकामी होतो. मग पी०४२०, म्हणजे उत्प्रेरकाची क्षमता घटली. आता पडद्यावर तीन कोड आहेत. सर्वांत महाग भाग तिसऱ्या कोडात आहे आणि मूळ दोष स्वस्त प्लगचा आहे. प्लग न बदलता उत्प्रेरक बदलला, तर नवा उत्प्रेरकही त्याच वाटेने जाईल. दिवा नुसता लागून न राहता उघडझाप करू लागला, तर तो उत्प्रेरक धोक्यात असल्याचा इशारा असतो. त्या वेळी घाट चढत राहू नये.

गिअरचा दोष इंजिनात

तेलाच्या दाबावर आपोआप गिअर बदलणारी पेटी जनरल मोटर्सने १९३९ च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर आणली. तिच्यावर संगणकाचे नियंत्रण आले ते मुख्यतः १९८० नंतर. आपल्याकडे स्वस्त मोटारींत आपोआप गिअर २०१४ पासून दिसू लागले.

पी०७०० हा कोड फसवा आहे. गिअरचा संगणक इंजिनाच्या संगणकाला ‘माझ्याकडे काही नोंद आहे, दिवा लाव’ असे सांगतो, त्याची ही पावती असते. खरी नोंद गिअरच्या संगणकात वाचावी लागते. तिथे पी०७३० असेल तर गुणोत्तर चुकले. हे साधे भागाकाराचे काम आहे. तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.५ असेल, तर पेटीत ३००० फेरे शिरले की २००० बाहेर पडले पाहिजेत. १८५० च पडले, तर गुणोत्तर १.६२ झाले, म्हणजे आत कुठेतरी घसरते आहे. तेल कमी वा जुने आहे, झडप अडकली आहे, पट्ट्या झिजल्या आहेत, की फेरे मोजणारा सेन्सरच चुकतो आहे, ते भागाकार सांगू शकत नाही. आधी तेल पाहावे. ते सगळ्यांत सोपे आहे.

इंजिन व गिअर दोन्हींचे कोड एकदम येऊ लागले, तर दोन वेगळे दोष मानण्याआधी दोघांत सामाईक काय आहे ते शोधावे. बॅटरीचा दाब, अर्थिंगची गंजलेली तार, उंदराने कुरतडलेला वायरिंगचा जुडगा हे सामाईक असतात. आणखी एक धागा आहे. इंजिन किती जोर लावते आहे, हे गिअरचा संगणक इंजिनाच्या संगणकाकडून घेतो आणि त्यावरून तेलाचा दाब ठरवतो. हवा मोजणारा सेन्सर मळला, तर हा जोर कमी सांगितला जाऊ शकतो, तेलाचा दाब अपुरा पडतो आणि गिअर घसरतो. पेटी उघडण्याचा खर्च मोठा असतो. सेन्सरची तार योग्य द्रवाने साफ करायला थोडा वेळ पुरतो.

विझलेला दिवा म्हणजे पुरावा नव्हे

इतके करूनही एक चकवा उरतो. बॅटरीची तार काढली किंवा स्कॅनरवरून कोड पुसला, की दिवा विझतो. पण त्याबरोबर संगणकाने शिकलेले आकडेही बहुधा पुसले जातात आणि त्याच्या चाचण्या पहिल्यापासून सुरू होतात. बऱ्याच दोषांबाबत नियम असा आहे, की लागोपाठ दोन प्रवासांत दोष दिसला तरच दिवा लावायचा. शिवाय काही चाचण्या विशिष्ट वेग व तापमान असल्याशिवाय होतच नाहीत. म्हणून काहीही दुरुस्त न करता नुसता कोड पुसला, तरी दिवा दोन-चार दिवस बंद राहू शकतो. त्या दिवसांत जो भाग बदलला असेल, त्याला श्रेय मिळते. ताप उतरायच्या दिवशी घेतलेल्या औषधाचे होते, तसेच हे. अमेरिकेत २०१० पासूनच्या गाड्यांत म्हणूनच ‘कायम कोड’ आणले गेले. ते स्कॅनरने पुसता येत नाहीत. संगणकाची स्वतःची चाचणी उत्तीर्ण झाली तरच जातात.

ज्ञान कोणाकडे?

कोड वाचता येणे आणि त्यामागची माहिती मिळणे यांत अंतर आहे. अमेरिकेत १९९० च्या कायद्यातील दुरुस्तीने धूरनियंत्रणाशी संबंधित दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना देणे कंपन्यांवर बंधनकारक झाले. भारतात २५ ऑगस्ट २०१४ रोजी स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २५४५ कोटी रुपयांचा दंड केला. सुटे भाग, दुरुस्तीच्या माहितीपुस्तिका व निदानाची साधने खुल्या बाजारात मिळू न देणे, हा त्यातला मुख्य आक्षेप होता. प्रकरण पुढे अपिलांत गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळही सुरू केले.

देऊळगाव राजा किंवा लोणारच्या गाडीमालकाला हा प्रश्न दूरचा नाही. कंपनीचे मोठे केंद्र शंभर किलोमीटरवर असेल, तर गावातल्या मिस्त्रीला माहिती मिळते की नाही, यावर त्याचा खर्च ठरतो. माहिती नसली की मिस्त्री अंदाजाने भाग बदलतो, आणि प्रत्येक चुकलेल्या अंदाजाचे पैसे मालक देतो. धूरही तोवर चालूच राहतो.

वर्गासाठी

हा विषय शिकवायला मोटार लागत नाही. एक सेल, एक छोटा बल्ब, बटण आणि चार-पाच तारांचे तुकडे घ्या. एखादा दोष लपवून ठेवा: उतरलेला सेल, आतून तुटलेली तार, सैल बल्ब किंवा बटणात कागदाचा कपटा. ‘बल्ब लागत नाही’ हा झाला कोड. मुलांना आधी शक्य कारणे लिहायला सांगा. मग कोणती चाचणी केली असता यादीतली जास्तीत जास्त कारणे एकदम बाद होतील, ते ठरवू द्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम घाला. आणि बल्ब लागला तरी थांबू नका. काढलेला भाग पुन्हा बसवून दोष परत येतो का, ते पाहायला लावा. तो परत आला, तरच कारण सापडले असे म्हणता येईल. लॉस एंजेलिसमध्ये १९४३ साली कारखाना बंद करून झाली ती हीच चाचणी होती. धुरके गेले नाही, म्हणजे उत्तर मिळाले होते. ते ऐकून नवा प्रश्न विचारायला मात्र पुढची सात-आठ वर्षे गेली.